डबीतला कापूस

मंगळवार, रात्री

आज तो आला. दोन महिने दांडी मारून. सोळा वर्षांचा, कोवळी मिसरूड, नजर जमिनीत. पूर्वी आजीचं बोट धरून आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, यायचा. गोळी आजी भरवायची. आता वसतिगृहात असतो. त्यानं डबी टेबलावर ठेवली. मी हलवली, तर आवाजच नाही. आत कापूस कोंबलेला.

"मॅडम, खुळखुळली की पोरं विचारतात."

रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं आमच्यावर घातलंय. पण सहा पोरांच्या खोलीत तो कायदा कुठून पोचणार?

मी आज गोळ्या मोजल्या नाहीत. एरवी आधी तेच करते, आणि मुलं तिथंच मिटतात. हे कळायला मला फार वर्षं लागली.

सरकारी केंद्रांतून ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती न चुकवता घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे सांगितलं, तेव्हा त्यानं मान वर केली.

"म्हणजे लग्न होईल माझं?"

होईल, रे.

जन्मापासून सोबत असलेल्या आजाराचं नाव त्याला चौदाव्या वर्षी कळलं, तेही शेजारणीकडून. तुमच्या घरी असं मूल असेल, तर त्याला वेळेत खरं सांगा. एकट्यानं जमत नसेल तर केंद्रात घेऊन या. आपण मिळून सांगू.