न कापलेली शीर

माझा धाकटा भाऊ आज वर्गावर उभा राहून शिकवतो, याचं श्रेय घरातले सगळे सर्जनना देतात. रास्तच आहे. माझ्या हिशेबात मात्र पहिलं नाव रेडिओलॉजीच्या मॅडमचं. त्यांना भावानं कधी नीट पाहिलेलंही नाही.

त्याला फिट आली, गावाकडच्या सीटी स्कॅनमध्ये एक पांढरा ठिपका निघाला. आपल्याकडे फिट आणि ठिपका म्हटलं की टीबीची गाठ नाहीतर फीतकृमीची अळी, असाच संशय आधी. मॅडमनी एमआरआय करताना रक्ताचे जुने अंश टिपणारा, एसडब्ल्यूआय नावाचा भाग जादा घेतला. "ताई, बसा इथं," म्हणत स्क्रीन माझ्याकडे वळवली. मधोमध पॉपकॉर्नसारखा पुंजका, भोवती काळी कड. ती कड म्हणजे झिरपलेल्या रक्तातलं लोह. निदान: कॅव्हर्नोमा, पातळ भिंतींच्या रक्तपोकळ्यांचा झुबका.

काकांचा हट्ट होता, अँजिओग्राफी कराच. (पैसे खर्चले की निदान पक्कं होतं, ही आमच्या घराची जुनी श्रद्धा.) मॅडम हसल्या आणि त्या तपासणीची गोष्टच सांगू लागल्या. 1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या रोहिणीत आयोडीनयुक्त द्रावण सोडून मेंदूतल्या वाहिन्या क्ष-किरणांवर उमटवल्या. एव्हीएमसाठी, म्हणजे रोहिण्या आणि शिरांच्या गुंत्यासाठी, ती तपासणी आजही लागतेच. तिथं रोहिणीतलं रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेत घुसतं. गुंत्याचा आकार, जागा आणि रक्त खोल शिरांत उतरतं का, यावर 1986 पासून स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी ठरते. कॅव्हर्नोमात मात्र रक्त इतकं संथ की अँजिओग्राफीत बहुधा काहीच दिसत नाही. काका गप्प झाले.

मग मॅडमनी बोट ठेवलं ते शेजारच्या एका जाड शिरेवर. तिला बारीक फांद्या फुटलेल्या. "ही जन्मजात. दिसते विचित्र, पण निरोगी मेंदूचं रक्त हीच वाहून नेते. झुबका काढायचा, हिला हात लावायचा नाही." रिपोर्टात लिहून त्या थांबल्या नाहीत, सर्जनना फोनही केला. ऑपरेशनमध्ये झुबका गेला, शीर राहिली.

रिपोर्टाखालच्या सहीला कुणी पेढे देत नाही. मी दिले, तर त्यांनी पुढच्या पेशंटची फिल्म हातात घेत अर्धाच खाल्ला.

तुमच्या घरी कुणाला फिट आली असेल, तर जुने सीटी-एमआरआय रद्दीत टाकू नका. सीडीसकट जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या.