सतरा इंची खूळ

सेकंड-हँड पोलो जीटी घेतली, आपल्या चाकणचीच! दोन रिम वाकलेल्या, म्हणून नाना पेठ गाठली. बजेट वीस हजार, वर ईएमआय चालूच. दुकानदार म्हणाला, "साहेब, सतरा इंची टाका, एकदम हवा!" पाघळलोच होतो. पण सोबत बाबा, जन्मभर चेतकवाले. "रिम मोठी म्हणजे टायर चपटा ना रे? मग खड्डा कोण झेलणार?" बोलती बंद! पंधराच घेतल्या. पाच बोल्ट, पीसीडी १०० जुळलं. मधलं भोक मात्र ५७.१ हवं, ते मोठं निघालं. रिंग बसवली, नाहीतर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. उरलेल्या पैशांत चांगले टायर आले. बिल बाबांनी दोनदा तपासलं, मग स्वतःहून पुढच्या सीटवर बसले. "चल, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत."