कळसहून लिंगाण्याच्या माथ्यावर

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाचे नाव कळस. नाव ऐकून कुणाला वाटेल, इथे मोठा डोंगर असणार. प्रत्यक्षात नजर जाईल तिथवर माळ, कुसळाचे गवत, मेंढ्यांचे कळप आणि नशीब असेल तर दूर पळणारे चिंकारा. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. आमच्या पोरांना उंची माहीत असते ती पाण्याच्या टाकीची, नाही तर उसाने भरलेल्या ट्रॉलीची.

अशा गावातल्या माझ्या भाचीला कडे चढायचा नाद लागला. पुण्यात शिकायला गेली, एका गिर्यारोहण मंडळात जाऊ लागली, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्सही करून आली. गेल्या हिवाळ्यात तिने लिंगाण्याचे नाव काढले, तेव्हा आपा म्हणाली, "आपल्यात कोण करतं हे असलं? आणि पोरीच्या जातीला?" भाचीने औरंगाबादच्या रफीक शेख यांचे नाव सांगितले. पोलीस दलातला हा साधा शिपाई एव्हरेस्टवर गेला. २०१४ साली हिमप्रपाताने आणि २०१५ साली नेपाळच्या भूकंपाने त्यांची मोहीम थांबवली, २०१६ साली ते माथ्यावर पोचले. आपा गप्प झाली, पण अट घातली: "मामू सोबत जाईल तर जा." म्हणून हा सफर माझ्या वाट्याला आला.

बारामती, नीरा, लोणंद, शिरवळ, नसरापूर असे करत आम्ही वेल्ह्याला पोचलो. वाटेत एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या तालुक्यातला ऊस १८८५ सालापासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर पोसला गेला, आणि नीरेला मिळणाऱ्या गुंजवणी, कानंदी या नद्या याच राजगड-तोरण्याच्या मुलखातून निघतात. म्हणजे आम्ही आमच्याच पाण्याच्या माहेरी चाललो होतो.

वेल्ह्याच्या पुढे सिंगापूर आणि मोहरी ही छोटी गावे. मोहरीत रात्री एका घराच्या ओसरीवर पाठ टेकली आणि पहाटे तीनला डोक्याला बॅटऱ्या बांधून निघालो. बोराट्याची नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळते, हिवाळ्यात माणसे उतरतात. नाळेतून आडवे वळून रायलिंगचे पठार आणि लिंगाणा यांच्यामधल्या खिंडीत आलो, तेव्हा फजरची वेळ झाली होती. पाणी मोजके, म्हणून तयम्मुम केला. किब्ला पश्चिमेला आणि त्या बाजूला लिंगाणाच उभा. काळोखात त्याचा माथा दिसतच नव्हता.

समुद्रसपाटीपासून लिंगाणा २,९६९ फूट. आकडा मोठा नाही, पण खिंडीपासून वर जवळजवळ सरळ कातळ आहे. शिवकाळात इथे कैदी ठेवत, असे सांगतात. सुळक्याच्या पोटात गुहा आणि पाण्याचे टाके आहे. शिडी-दोर काढून घेतला की कैद्याला पहारेकऱ्याची गरजच नव्हती.

आता या चढाईची रीत थोडी समजून घेऊ. युरोपात आल्प्सच्या चुनखडीच्या आणि ग्रॅनाइटच्या भिंतींवर असे शेकडो मार्ग आहेत. कातळात भोक पाडून त्यात पोलादी बोल्ट ठोकून बसवतात. एक दोर साधारण ५० ते ६० मीटरचा, म्हणून उंच कडा एका दमात चढता येत नाही, टप्पे करावे लागतात. पुढचा गडी चढतो आणि प्रत्येक बोल्टमध्ये कडी अडकवून तीतून दोर ओवत जातो. खालचा साथीदार दोर धरून असतो. याला बिले देणे म्हणतात. वरचा घसरलाच, तर शेवटच्या बोल्टच्या खाली थोडासा पडून दोरावर लटकतो. टप्पा संपला की तो स्वतःला बोल्टला बांधतो आणि मागच्याला वर घेतो.

आपल्याकडचा दगड वेगळा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट. एक थर पोलादासारखा, त्याच्या वरचा भुसभुशीत, म्हणून कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. पकडायला खोबणी मिळते, पण ती हातात निघूनही येते. वर घसारा आणि वाळके गवत. चार महिने पावसात भिजून बोल्टही गंजतात. म्हणून मुंबई-पुण्याचे जाणते गिर्यारोहक जुने बोल्ट काढून नवे बसवण्याचे काम पदरमोड करून करत असतात. आमचा लीडर प्रत्येक बोल्ट आधी बघे, हलवून पाही, मगच भार टाकी.

मधला एक टप्पा भाचीने पुढे होऊन चढायचा ठरला. स्कार्फ नीट आत खोचून तिने वर हेल्मेट बांधले, स्वतःची गाठ तपासली, मग बिले देणाऱ्याची तपासली, त्याने तिची तपासली. दोघांनी मोठ्याने बोलून खात्री केली आणि ती निघाली. कातळाच्या वळणाआड ती दिसेनाशी झाली. उरला तो फक्त दोर. तो हातभर सरके, थांबे, पुन्हा सरके. मध्ये बराच वेळ तो हललाच नाही. माझ्या ओठांवर दुआ होती आणि डोळ्यांपुढे आपा. मग दोन हात दोर भरकन गेला आणि वरून तिचा आवाज आला, "ऑफ बिले!"

आता माझी पाळी. दोराचे एक टोक माझ्या कमरेला, दुसरे तिच्या हातात. जिचे बोट धरून मी तिला बालवाडीत सोडले, ती मला वर घेत होती. अर्ध्यावर पाय लटपटू लागले. वरून ती म्हणाली, "मामू, हाताने ओढू नका, पायावर उभे राहा. दोर घट्ट आहे." दोर खरेच घट्ट होता. तवक्कुल म्हणजे काय, हे मी खुतब्यांतून पुष्कळदा ऐकले होते. आधी गाठ नीट बांधायची आणि मग भरवसा ठेवायचा, हा त्यातला पहिला अर्धा भाग त्या कातळावर समजला. कडीवर २२ किलोन्यूटन असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे सुमारे २२०० किलोंचा भार ती पेलते. पण गाठ सैल असेल तर हा आकडा कामाचा नाही.

माथ्यावर जेमतेम बसण्यापुरती जागा. समोर रायगड, मागे तोरणा आणि राजगड. भाचीने फोटो एकच काढला आणि म्हणाली, "आता खरं काम. उतरताना माणूस थकलेला असतो आणि खूश असतो, तेव्हाच अपघात होतात." दोराच्या टोकांना गाठी मारून, एकेक टप्पा रॅपलिंग करत आम्ही खिंडीत परतलो.

कुणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. अनुभवी मंडळाशिवाय सुळक्याला हात लावू नये, पावसाळ्यात तर नाहीच. अत्तर लावून जाऊ नये आणि धूर करू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात. ज्यांना चढायचे नाही त्यांनी मोहरीहून रायलिंगच्या पठारावर पायी जावे. कड्याच्या काठापासून दूर राहिले, तर लहानथोर सगळ्यांना तिथून समोर अख्खा लिंगाणा दिसतो.

यंदा आपाला तिथेच न्यायचे ठरले आहे. तिने एवढेच विचारले, "ती चढेल तेव्हा खाली दोर कोण धरणार? त्याला मला आधी भेटायचंय."