नावापुरती कंपनी आणि नावामुळे नाकारलेला पोरगा

मुरुडच्या बुद्धविहारात आम्ही संध्याकाळी पोरांची अभ्यासिका घेतो. एका रविवारी मोबाईलवर 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९८ सालचा एक भाग बघत सगळे हसत होते. त्यात होमर सिम्पसन शेजाऱ्याचं बघून घरातच इंटरनेट कंपनी काढतो. नाव 'कॉम्पु-ग्लोबल-हायपर-मेगा-नेट'. कंपनी नेमकं काय करते, हे मालकालाही सांगता येत नाही. तरी खुद्द बिल गेट्स दारात येतो! कंपनी काय करते ते त्यालाही कळलेलं नाही, पण उद्या स्पर्धा नको म्हणून तो ती 'विकत घ्यायला', म्हणजे माणसांकरवी मोडायला येतो.

हसणं थांबल्यावर बीसीएस झालेल्या एका पोराने विचारलं, "सर, बायोडाट्यात आडनाव काढून नुसतं वडिलांचं नाव टाकू का?" पुण्यातल्या एका कंपनीत त्याची तांत्रिक फेरी चांगली झाली होती. पुढच्या फेरीत गाव, आडनाव आणि "तुमच्याकडे कोणते सण असतात?" एवढीच चौकशी झाली. नंतर फोन आला नाही.

होमरकडे नावाशिवाय काहीच नव्हतं, तरी त्याची दखल घेतली गेली. आमच्या पोराकडे सगळं होतं, नाव तेवढं आडवं आलं. मग मेरिट म्हणतात ते कशाला?

हा आमचा एकट्याचा संशय नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला तर एक-तृतीयांश.

समुद्र ओलांडला म्हणून जात सुटत नाही. दलित अभियंत्याशी जातीभेद झाल्याच्या आरोपावरून २०२० साली कॅलिफोर्नियात सिस्को कंपनीवर सरकारी विभागाने खटला भरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसं विधेयक नाकारलं. लढाई तिथेही सुरूच आहे.

आणि इथे? संविधानाचं कलम १६(४) सरकारी नोकरीपुरतं. सरकारी जागा आटत चालल्या, खासगी कंपन्यांचं दार मात्र आरक्षणाबाहेर.

पोराच्या प्रश्नावर आम्ही क्षणभर गप्प बसलो. "आडनाव अभिमानाने लिही" हे सांगणं सोपं असतं. घरी चूल त्याची पेटायची असते. शेवटी म्हणालो, "बाबा, पोटासाठी तू लपवलंस तर आम्ही तुला दोष देणार नाही. लाज तुझी नाही, विचारणाऱ्याची आहे." त्याने आडनाव ठेवलं. निर्णय त्याचा.

पण हा भार एकट्या पोराने का वाहायचा? पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव झाका. कंपन्यांना कर्मचाऱ्यांची सामाजिक आकडेवारी जाहीर करायला लावा. खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा करा. जयंतीच्या मिरवणुकीइतकीच गर्दी या मागण्यांसाठी जमली पाहिजे. तुमच्या गावात असं झालं असेल तर तारखेनिशी लिहून ठेवा, कारण पुराव्याशिवाय आपल्या अपमानाला इथे तक्रार म्हणत नाहीत.

जय भीम!