जमाव, की जमा व?

1817 च्या पावसाळ्यात दुसऱ्या बाजीरावाने फौज वाढवायला घेतली, यावर कुठल्याही इतिहासकाराचा वाद नाही. त्यासाठी सेनापती बापू गोखल्यांच्या हवाली कोटभर रुपये झाले, शिलेदार ठेवले गेले, किल्ल्यांची डागडुजी निघाली. वाद आहे तो हे सारे कशासाठी, यावर. इंग्रजांवर चालून जाण्यासाठी, की ते चालून आलेच तर हाताशी असावे म्हणून? का पेशव्याचे स्वतःचेच काही ठरत नव्हते? दोनशे वर्षांत यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. तीत थोडी प्रस्तुत लेखकाचीही आहे.

त्याआधीचे जाणकारांना ठाऊकच आहे: गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरातला खून, त्रिंबकजी डेंगळ्यांचे ठाण्याच्या कैदेतून निसटणे आणि 13 जून 1817 चा पुण्याचा तह. या तहाने 34 लाखांचा मुलूख गेला आणि मराठी राज्यसंघाचे प्रमुखपणही पेशव्याला लेखी सोडावे लागले. नाना फडणीस 1800 सालीच वारले होते. त्यानंतर दरबारात 'नाही' म्हणणारे वजनदार माणूस उरले नाही. हुकूमशाही हा अलीकडचा शब्द पेशवाईला चिकटवणे बरे नव्हे, पण अभ्यासकाची अडचण तीच राहते. निर्णय एकाच माणसाच्या मनात शिजतो आणि त्या मनाची रोजकीर्द कोणी लिहीत नाही.

खरा गुंता ऑगस्टमधला आहे. माहुलीच्या भेटीत कंपनीचा मुत्सद्दी सर जॉन माल्कम यानेच बाजीरावाला सुचवले, की पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेत कंपनीला साथ द्या, त्यासाठी फौज उभी करा. जामीन म्हणून घेतलेले सिंहगड, पुरंदर आणि रायगड पुढे परतही मिळाले. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याला हा भरवसा मुळीच पटला नव्हता. म्हणजे त्या पावसाळ्यात ठेवलेला एकच स्वार माल्कमच्या हिशेबी मित्राचा आणि एल्फिन्स्टनच्या हिशेबी शत्रूचा. कंपनीची लाखावर फौज त्याच सुमारास मध्य हिंदुस्थानाभोवती जमत होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या मनात तेव्हा काय होते, हा प्रश्न मात्र इतक्या चवीने कोणी चघळलेला दिसत नाही.

दसरा 19 ऑक्टोबरला झाला. 30 ऑक्टोबरला मुंबईहून गोरी पलटण पुण्यात पोचली आणि 1 नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने आपली छावणी गारपिरावरून खडकीला हलवली. 5 नोव्हेंबरला लढाई जुंपली. ग्रँट डफ सांगतो, की पर्वतीवरून लढाई पाहणाऱ्या पेशव्याने ऐन वेळी गोखल्यांना निरोप धाडला: पहिली तोफ आपल्याकडून सुटू नये. निरोप्या येताना दिसताच काय ते ओळखून गोखल्यांनी तोफा डागल्या.

लेखकाची तीस वर्षे या एका निरोपाभोवती गेली. तो घाबरटाचा निरोप मानावा, की तह मोडल्याचा दोष शत्रूवर यावा म्हणून केलेली सावध चाल? की हा माणूस अखेरपर्यंत युद्धाचा नव्हताच, असे धरावे? पत्करावे तर प्रत्येक उत्तर चार दिवस खरे वाटते आणि पाचव्या दिवशी लटपटते. शिवाय सांगणारा कोण? ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा माणूस. त्याचा इतिहास 1826 मध्ये छापून आला. जून 1818 मध्ये खुद्द बाजीराव माल्कमला म्हणाला, की हे युद्ध आपल्या मनात कधीच नव्हते. पण हरलेला, वर्षासनाची घासाघीस करणारा माणूस दुसरे काय म्हणेल? आठ लाख ठरले आणि तो बिठूरला गेला.

कागदांची वाटणीही सारखी नाही. खडकीच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि एल्फिन्स्टनची पुस्तके, कागद राख झाले. तरी त्याच्या खलित्यांच्या नकला कलकत्त्याला आणि मुंबईला आधीच गेल्या होत्या. पुढे यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापला गेला, प्रतुलचंद्र गुप्तांचा दुसऱ्या बाजीरावावरचा ग्रंथ 1939 मध्ये आला. इंग्रजी बाजू अशी तारीखवार बोलते. पेशवे दप्तरात भरणा हिशेबांचा. त्यात घोड्याच्या चंदीचा आकडा सापडतो, धन्याचा बेत सापडत नाही.

ही अडचण पुण्यापुरती नाही. खडकीला बरोबर 120 वर्षे झाली त्या दिवशी, 5 नोव्हेंबर 1937 ला, हिटलरने आपल्या सेनाप्रमुखांपुढे युद्धाची भाषा केली. त्याचा लष्करी सहायक कर्नल होसबाख याने तिचे टिपण पाच दिवसांनी लिहून काढले आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुढे आली ती नकलेची नक्कल. इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी 1961 मध्ये लिहिले, की ही योजना नव्हे, अंतर्गत राजकारणातला डाव होता. दुसरे इतिहासकार ट्रेव्हर-रोपर त्यांच्यावर तुटून पडले: हिटलर आपला बेत वर्षानुवर्षे उघड सांगत आला होता, तो खरा का मानू नये? स्टालिनबाबत तर निव्वळ एका खर्ड्यावर भांडण आहे. 15 मे 1941 चा हा मसुदा सोव्हिएत सेनाधिकारी वासिलेव्हस्कीच्या अक्षरात आहे. जर्मनीवर आधी हल्ला करावा असे तो सुचवतो, पण त्यावर सही नाही. इंग्लंडला पळून गेलेला सोव्हिएत हेर सुवोरोव्ह याने 'आइसब्रेकर'मध्ये स्टालिनच हल्ल्याच्या तयारीत होता असा बार उडवला. डेव्हिड ग्लँट्झ यांनी 1998 मध्ये लाल सैन्याची दैना आकड्यांनी मांडली: अशा फौजेने चढाई कसली करायची! सही नसलेला कागद पाहून प्रस्तुत लेखकाला मात्र घरचेच माणूस भेटल्यासारखे झाले.

आता कबुलीचे. वऱ्हाडातल्या एका घराण्याच्या रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, लेखकाला 1817 च्या पावसाळ्यातला एक फाटका कागद मिळाला होता. त्यात घासदाण्याच्या रकमेपुढे अक्षरे आहेत: जमावबाकीपुढे. मोडी लिपीत आधी रेघ ओढतात, मग अक्षरे टांगतात. शब्द तोडायचे काम वाचणाऱ्याचे. लेखकाने ते 'जमाव, बाकी पुढे' असे तोडले: फौजेचा जमाव झाला, उरलेली पुढे गेली. दसऱ्याच्या दोन महिने आधी वऱ्हाडातून जमाव! यवतमाळ, अमरावती, नागपूर, जिथे बोलावणे आले तिथे हा कागद गेला. टाळ्या मिळाल्या, एकदा शालही मिळाली.

मोतीबिंदू झाल्यावर कागद दुसऱ्याकडून वाचून घेणे आले. यवतमाळची एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तिने तो कागद खिडकीशी धरला आणि विचारले, "सर, 'जमा' इथंच संपत नाही का? जमा व बाकी पुढे." रक्कम जमा झाली आणि शिल्लक पुढच्या पानावर ओढली, एवढाच अर्थ. खालची बेरीज जुळत होती. ती बेरीज लेखकाने कधी करूनच पाहिली नव्हती. फौज हवी होती, म्हणून फौज दिसली.

त्या दिवशी तिच्यावर चिडून तिला चहाही विचारला नाही, हेही नमूद असावे.

छापील खंडांतून उतारे उचलून 'पळपुटा बाजीराव' रंगवणारे आणि अलीकडे त्यालाच स्वातंत्र्यवीर करणारे, दोघांनाही या लेखकाने वर्षानुवर्षे हसून घेतले. दोघांपैकी कोणी रुमाल सोडत नाही, ही तक्रार आजही खरी आहे. महिनाभराच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून लिप्यंतराचे पानामागे दर सांगणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. पण शब्द चुकीचा तोडायला रुमाल सोडल्याने कमी वाव मिळतो, असे आता म्हणवत नाही.

तरी एक मत कायम आहे. बाजीरावाला युद्धाची धमकी हवी होती आणि युद्ध नको होते. गोखल्यांना ते हवे होते. गोखले 20 फेब्रुवारी 1818 ला आष्टीला पडले आणि पेशवा चांद्याच्या आशेने वऱ्हाडात शिरला. 17 एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने त्याला गाठले. तोफा गेल्या, फौज उधळली, धनी घोड्यावरून निसटला. दीड महिन्याने तो माल्कमच्या स्वाधीन झाला. शिवणीची हकीकतही आपल्याला इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतूनच कळते.

म्हणून केळापूर, वणी, घाटंजी भागातल्या जुन्या घरांना विनंती. माळ्यावर मोडी रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नयेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. त्यातही शके 1740 च्या चैत्रातला एखादा कागद निघाला, मग तो वैरणीचा का असेना, तर पाहायला मिळावा. कागद घराबाहेर नेला जाणार नाही, तुमच्या ओसरीवरच वाचला जाईल. वाचायला ती मुलगी येईल. लेखक शेजारी बसून बेरीज करील.