जबानीबाहेरचे

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये उतरवून घेण्यात गेली. जिल्हा न्यायालयाच्या इजलासात, न्यायासनाच्या पायथ्याशी मांडलेल्या मेजापाशी बसून, साक्षीदार जे बोले आणि न्यायाधीश त्याचे जे वाक्य करून सांगत, ते मी यंत्रावर उमटवीत असे. आणि या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काय गळून पडते याची, खरे सांगायचे तर, मला कितीएक वर्षे जाणीवच नव्हती. एखादी म्हातारी ‘माझा सोन्यासारखा पोरगा गेला हो’ असे म्हणत कठडा धरून मटकन खाली बसे, आणि कागदावर उमटे : ‘मयत हा माझा मुलगा होता.’ वाक्यात चूक काहीच नसे. कायद्याला जेवढे लागते तेवढे त्यात असे, आणि बाकीचे पट्टेवाल्याने आणून दिलेल्या पाण्याच्या पेल्याबरोबर गिळले जाई.

याहून विलक्षण प्रसंग आरोपीच्या जबाबाचा. साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न करीत. माझ्या काळी ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली होत असे. येथे शपथ नाही, उलटतपासणी नाही. साऱ्या खटल्यात ज्याच्याविषयी सर्वजण बोलत आले त्याने आता स्वतःच्या तोंडाने बोलावे, असा हा उदार संकेत. परंतु प्रश्न पन्नास असोत की शंभर, पढवून आणलेली उत्तरे दोनच असत : ‘खोटे आहे’ आणि ‘मला माहीत नाही’. शेवटी ‘आपणांस आणखी काही सांगावयाचे आहे काय?’ असे विचारले जाई, तेव्हा क्वचित एखादा मान वर करी, ओठ हलवी, आणि मग वकिलाकडे पाहून ‘नाही’ म्हणे. मी ‘नाही’ असे उमटवी आणि कागद सहीला पुढे सरकवी.

निवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या ओळखीने आणि बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर मी दर शनिवारी मध्यवर्ती कारागृहात जाऊ लागलो. दुपारची बंदी उघडली की शिक्षा झालेले दहा-बारा जण वाचनालयाच्या सतरंजीवर येऊन बसतात. संध्याकाळच्या गिनतीपर्यंत आम्ही बोलतो. काम एवढेच. त्याला काय नाव द्यावे हे मला आजतागायत कळलेले नाही. दरवाजावरचा हवालदार मात्र वहीत न चुकता ‘प्रबोधन’ असे लिहितो, कारण बाहेरून येणारा माणूस प्रबोधनासाठीच येतो असा त्याचा अनुभव आहे. गांधीजयंतीला येणाऱ्या वक्त्यांनी तो पुरेसा दृढ केलेला आहे. ते सत्याविषयी बोलतात, केळी वाटतात आणि छायाचित्र काढून घेतात.

पहिल्याच शनिवारी माझ्या हातून एक चूक घडली. कोणी बोलू लागताच, हाताला लागलेल्या जन्माच्या सवयीने मी खिशातून वही काढली, आणि सतरंजीवर एकदम अशी शांतता पसरली की बाहेरच्या नळाची धार ऐकू यावी. एकाने अदबीने विचारले, “काका, हे वर जाणार का?” त्या ‘वर’मध्ये अधीक्षकापासून उच्च न्यायालयापर्यंत सारे आले. मी वही मिटली. ज्या कसबावर मी पोट भरले होते तेच येथे आड येत होते, आणि लिहून न घेता ऐकणे हे मला वयाच्या साठीत नव्याने शिकावे लागले.

हळूहळू काही गोष्टी ध्यानात आल्या. गुन्हा विचारावयाचा नाही. कारण तो विचारला की माणूस तत्काळ पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याच्या तोंडी वकिलाची भाषा येते. ‘पश्चात्ताप होतो का?’ हे तर मुळीच विचारू नये, कारण त्याचे उत्तर माफीच्या दिवसांवर आणि संचित रजेच्या अर्जावर डोळा ठेवून द्यावे लागते आणि ते सर्वांना पाठ असते. विचारावे ते असे, की ज्याच्या उत्तराचा कोणालाही काडीचा उपयोग नाही. तुमच्या घरी पाणी कोठून भरीत? पहाटे पहिला आवाज कशाचा येई? आईने तुम्हांला शेवटचे कशावरून मारले? अशा निरुपयोगी प्रश्नांनी माणसे जी खुलतात त्याला सीमा नाही. घरच्यांशीसुद्धा त्यांचे असे बोलणे होत नाही. तुरुंगात आप्तांच्या भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात, आणि त्या जाळीपलीकडच्या मोजक्या मिनिटांत वकिलाची फी, पुढची तारीख आणि मनिऑर्डर एवढेच मावते; ‘म्हैस व्याली का’ हे विचारावयाचे राहून जाते, आणि ते राहून गेल्याचे दुःख आठवडाभर पुरते.

बंदिवासात बोलणे फळते याची साक्ष आपल्या भाषेत पूर्वीच नोंदली गेली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारीच्या २१ तारखेपासून जूनच्या १९ तारखेपर्यंत अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. जगातल्या कोणत्याही लघुलेखकाने हेवा करावा असे हे काम. परंतु माझे मन अधिक रेंगाळते ते त्यानंतरच्या वर्षापाशी. नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्याच गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे ती हातावेगळी केली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. पुस्तकाची करुणा सर्वांनी वाखाणली. मला नवल वाटते ते त्याच्या बैठकीचे. लेखक आठवणी नुसत्या लिहून काढीत नाही. तो एक आश्रम कल्पितो, सायंकाळची प्रार्थना कल्पितो, भोवती ऐकावयास मित्र बसवितो, आणि मग श्यामला त्यांच्यापुढे बोलते करतो. पोहावयाच्या भीतीने माळ्यावर दडून बसलेल्या आणि आईचा मार खाणाऱ्या त्या भित्र्या मुलाची लाज कोऱ्या कागदापुढे सांगता येत नाही, ती माणसांपुढेच सांगता येते, हे त्या बंदिवानाला उमगले होते. म्हणून जवळ नसलेले श्रोते त्याने आधी निर्माण केले.

हीच पोहण्याची गोष्ट एका शनिवारी निघाली. कोणाला ती शाळेतल्या पुस्तकातली आठवत होती, आणि मग प्रत्येक जण विहिरीत प्रथम कसा ढकलला गेला ते सांगू लागला, हशा पिकू लागला. त्या हशात कधीच भाग न घेणारा एक गृहस्थ कोपऱ्यात बसत असे. मराठवाड्याच्या कोरड्या भागातला, ऊसतोडीला जाणारा. दरसाल दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन नवराबायको कारखान्यावर जात. त्या धंद्यात जोडप्याला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, आणि ‘आता आमचा अर्धा कोयता बाहेर आहे’ हे त्याचे आतापर्यंतचे सर्वांत मोठे भाषण होते. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झालेली होती, हे इतरांकडून माझ्या कानी आले होते. तो स्वतः सात महिन्यांत त्याविषयी ‘बांधावर झालं ते झालं’ यापलीकडे गेला नव्हता.

त्या दिवशी तो एकाएकी म्हणाला, “मला दादानं शिकवलं पव्हायला. पाठीला भोपळा बांधायचा अन् दोर सोडायचा. एकदा भोपळाच सुटला.”

कोणी हसले नाही. पुष्कळ वेळाने शेजारच्याने विचारले, “मग?”

“मग काय. त्यानं उडी टाकली. त्याला स्वतःला धड पव्हता येत नव्हतं.”

मी आयुष्यात ‘मयत’ हा शब्द किती सहस्र वेळा उमटविला असेल याची गणती नाही. या माणसाच्या फिर्यादीत, पंचनाम्यात, निकालपत्रात त्याचा भाऊ त्याच एका नावाने वावरला असणार. तो या क्षणी प्रथमच ‘दादा’ झाला आणि विहिरीत उडी टाकून बाहेर आला. आणि मला जाणवले, की या माणसाला भावाचा शोक करण्याची मुभा कोणी दिलेलीच नव्हती. दहाव्याच्या दिवशी तो कोठडीत होता. सुतक त्यालाही होते. पण ज्याच्या हातून मरण आले त्याने सुतक पाळावे की नाही, हे त्याने विचारावयाचे कोणाला? त्याची लाज त्याच्या दुःखाच्या दारात आडवी निजलेली होती. मला त्या वेळी काहीच सुचले नाही, आणि न सुचले हे बरे झाले, कारण समोरच्या एका पोराने, ज्याची स्वतःची कथा काही भूषणावह नाही, सहज विचारले, “दादाला खायला काय आवडायचं?” तो म्हणाला, “हुरडा.” आणि मग अर्धा तास तो हुरड्याविषयी, कोणत्या शिवारातला गोड आणि कोणी किती खाल्ला याविषयी बोलत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो ते पुशीत नव्हता.

या कामाचा महिमा गाण्याची मला इच्छा नाही. काहीजण दोनदा येऊन पुन्हा फिरकले नाहीत. एकाने मला वर्षभर अथपासून इतिपर्यंत खोटी कहाणी सांगितली, आणि ती इतकी सुरेख होती की मी तिला हरकत घेतली नाही. आणि एक प्रश्न मला घरी परतताना नेहमी टोचतो : त्या दादाची विधवा आज कोठे असेल, आणि तिच्यापाशी दर शनिवारी जाऊन ‘त्यांना काय आवडायचे’ असे कोण विचारीत असेल? सरकारी खर्चाने सतरंजी अंथरली जाते ती अलीकडच्या बाजूला.

मी तेथे का जातो, हे मात्र मी दोन वर्षे कोणालाही सांगितले नव्हते. माझा थोरला भाऊ, अण्णा, एका पतपेढीतील अपहाराच्या खटल्यात तीन वर्षे शिक्षा भोगून आला. न्यायालयात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी ही गोष्ट! आम्ही शेजारीपाजारी ‘तो गुजरातेत नोकरीला आहे’ असे सांगितले. परत आल्यावर तो मागच्या खोलीत राहिला आणि अकरा वर्षांनी तेथेच वारला. मध्यंतरी आम्ही त्याला काहीही विचारले नाही. या मौनाला आम्ही सभ्यपणा समजत होतो. त्याच्या काही लकबींचा घरात त्रास होई. तो संध्याकाळी साडेपाचलाच ताट वाढून मागे, ते झाकून ठेवी आणि रात्री आठला गारढोण खाई. आईला तो आपल्या हातच्या अन्नाचा अपमान वाटे. आणि त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर जळे. मी उठून तो मालवी. घटकाभराने पाहावे तो पुन्हा लागलेला. विजेच्या बिलावरून मी त्याला दोनदा टाकून बोललो आहे.

हुरड्याच्या गोष्टीनंतर महिन्याभराने त्याच गृहस्थाने मला सरळ विचारले, “काका, तुमचं कोण आत होतं?” प्रश्न करण्याचा अधिकार जन्मभर एकाच बाजूला पाहिलेल्या मला प्रथम तो उद्धट वाटला. मग मी सांगितले. वही नसल्यामुळे हात मोकळे होते, त्यांचे काय करावे हे कळत नव्हते. ताटाचे सांगितले, दिव्याचे सांगितले.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी, एकामागून एक, मला माझ्या भावाची तीन वर्षे सांगावयास आरंभ केला. पहिले काही महिने त्याला संडासाजवळची जागा मिळाली असणार, नव्याला तीच मिळते. हिशेब येणारा माणूस म्हणून पुढे त्याला कॅन्टीनच्या वहीवर घेतले असेल, मग त्याचे बरे चालले असेल. संध्याकाळचे जेवण उजेडातच वाटतात, कारण नंतर बंदी होते; भूक लागेपर्यंत ताट झाकून ठेवावयाचे, सगळेच ठेवतात.

“आणि दिवा?” मी विचारले.

“बराकीतला दिवा रात्रभर मालवत नाहीत, काका,” तो पोरगा म्हणाला. “मग अंधारात झोपच येत नाही. कोणी मालवला की दचकून जाग येते.”

बाहेर गिनतीची शिट्टी झाली. ते उठले, सतरंजीची घडी घालावयाची म्हणून माझ्या उठण्याची वाट पाहत उभे राहिले.