टोबणीच्या दिवशी शाळेत सत्कार



आर्द्राचा पाऊस एकदाचा मनासारखा झाला. विद्यापीठवाले दरवर्षी सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय सरकी लावू नका. मागच्या साली घाई केली अन् दुबार टोबणी करावी लागली, म्हणून यंदा गप बसलो होतो. शुक्रवारी वाफसा आला. शनिवारी सकाळी सहा बाया सांगून टोबणी धरली. पण आजची नोंद कपाशीची कमी अन् शाळेची जास्त आहे.

आमच्या केळापूर तालुक्यातल्या ज्या शाळेत माझी पोरं शिकली, तिथं दरवर्षी शाळा उघडल्यावर एक छोटा कार्यक्रम होतो. आठवीत असताना ज्यांनी एनएमएमएसची परीक्षा दिली अन् शिष्यवृत्तीच्या यादीत ज्यांची नावं लागली, त्या लेकरांना मागच्या वर्षीची शिष्यवृत्तीधारक लेकरं टिळा लावतात, एक पेन देतात, अन् ऑफिसजवळच्या फलकावर नावं रंगवली जातात. जुने नव्यांना आपल्यात घेतात, एवढंच. मी काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत होतो, म्हणून मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी दहावी पास, १९८७ चा. तेव्हा निकाल ऐकून बाबा म्हणाले होते, बरं झालं, आता वखर धर. दुसऱ्या दिवशी धरला. त्यामुळं असल्या कार्यक्रमाला मला जरा जास्तच बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

यंदा चार नावं होती. त्यातली एक पोरगी माझ्याच वावरात कामाला येणाऱ्या बाईची. बुधवारी ती बाई निंदताना म्हणाली होती, "भाऊ, शनिवारी मले शाळेत बलावलं जी. पोरीचा सत्कार हाये म्हणते."

मी म्हटलं, "शनिवारीच? वाफसा थांबते का बाई? टोबणी झाली की जाऊन ये न मास्तरांकडे."

ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तीनशे रुपये रोज, अन् पूर्ण हंगाम माझ्याकडं काढायचा.

शनिवारी सकाळची शाळा. मी बायांना काकरं दाखवून दिली, थैल्या दिल्या, धोतर बदललं अन् नऊ वाजता खुर्चीवर जाऊन बसलो. सर एकेक नाव घ्यायचे, पोरगं पुढं यायचं, सोबत मायबाप. तिघांसोबत कोणी ना कोणी होतं. एकाचा आजा तर फेटा बांधून आला होता. या पोरीचं नाव घेतलं, ती एकटीच आली. सरांनी माईकवरूनच विचारलं, "घरून कोणी आलं नाही?"

ती म्हणाली, "आई टोबणीला गेली आहे, सर."

कोणाच्या टोबणीला, ते तिनं सांगितलं नाही. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तिला टिळा लावल्यावर पेन मीच दिला. मला पुढं दोन शब्द बोलायचे होते, कष्टाचं महत्त्व वगैरे पाठ करून गेलो होतो. ते काही बोललो नाही. अभिनंदन म्हणून खाली बसलो.

आता इथं कृषीवाले मित्र वाचतात, म्हणून सांगतो. माझं ते वावर भारी काळं. त्यात ओल एका दिवसात कुठं जात नाही. मुरमाड वावर असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे मी बाईला जे कारण दिलं ते शेतीचंही खरं नव्हतं. एक दिवस उशिरानं काही बिघडत नव्हतं; बाकी पाच बाया होत्याच. माझी घाई होती, बस.

दुपारी वावरात गेलो. तिला सांगितलं, पोरीचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. ती वाकूनच म्हणाली, "मी येऊन काय करू जी तिथं? मले वाचता येत नाही." अन् पुढच्या फुलीवर दोन बिया टाकल्या.

या शिष्यवृत्तीबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती आहे, म्हणून थोडं लिहितो. २००८ पासून केंद्र सरकारची योजना आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. मायबापाचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. आपल्यातले बहुतेक त्यात बसतात, मजूर तर बसतातच. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. बुद्धीचा एक पेपर, अभ्यासाचा एक, नव्वद-नव्वद प्रश्न. सरकारी, जिल्हा परिषदेच्या अन् अनुदानित शाळेतली पोरं बसू शकतात. जिथं राहणं-जेवण सरकारी आहे तिथली नाही. आपल्या भागातली कितीतरी कोलाम-गोंडांची हुशार लेकरं आश्रमशाळेत असतात, ती यातून सुटतात, हे मला काही पटत नाही.

अन् यादीत नाव लागलं म्हणजे पैसे आले असं समजू नका. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, पुढं दरवर्षी नवा करावा लागतो. खात्याला आधार जोडलेलं पाहिजे. दहावीला ६० टक्के पडले तरच अकरावीत चालू राहते, अनुसूचित जाती-जमातीला ५५. मागं आमच्याच गावातल्या एका पोराचं नाव फलकावर आहे, पैसा एकही आला नाही. खातं बंद पडलेलं अन् घरी कोणाला ठाऊक नाही. फलकावरचं नाव पाहून तो मान खाली घालून जातो.

म्हणून सोमवारी टोबणी उरली होती तरी त्या मायलेकींना गाडीवर बसवून आधी शाळेत नेलं. पोरीनं मायचं बोट धरून फलकावरच्या आपल्या नावावर ठेवलं. बाई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढंसंच लिवलं?" सर हसले, मीही हसलो. तिथून पांढरकवड्याला बँकेत. आधार जोडलेलं नव्हतंच. फॉर्म भरला, अंगठा दिला, गुरुवारी परत बोलावलं आहे.

सोमवारचा रोज मी दिला. तिनं मोजून घेतला अन् म्हणाली, "शनिवारच्या दोन तासी माह्या राहिल्या, त्या उद्या करते."

उगवण आठवड्यात दिसेल, मग नांग्या किती पडल्या ते लिहितो.